तिसरीच्या वर्गात सध्या काय चाललंय : पालकांना काय सांगावं, किती सांगावं?

तिसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्येच एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते, शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. दर शनिवारी मी वर्गाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक निरोप टाकते, या आठवड्यात काय शिकवलं, पुढच्या आठवड्यात काय येणारे, घरी काय करता येईल असं. फार मोठा नाही, मोबाईलवर एका बोटाने टाईप होईल एवढाच. आता होतं काय, की त्यावर दोनच प्रश्न येतात. एक, "मॅडम अभ्यास काय दिला?" आणि दुसरा, "चाचणी कधी आहे?" बाकी सगळे नमस्काराचे हात. म्हणजे वाचलं जातं की नाही तेच कळत नाही.

या आठवड्याचा निरोप इथे टाकते, तुम्ही पालक म्हणून वाचून सांगा की यातलं काय कामाचं आहे आणि काय नुसती भरती.

"गणित : तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी. आपण दशक सुटा करून करतोय. सध्या काड्यांचे गठ्ठे आणि खेळातल्या नोटा वापरतोय, नुसतं आडव्या-उभ्या मांडणीवर अजून आलो नाही. घरी कृपया दुसरी पद्धत दाखवू नका, आधी मुलांना करून दाखवायला सांगा. मराठी : धडा वाचून त्यावर स्वतःचा एक प्रश्न तयार करणे. उत्तर नाही, प्रश्न. परिसर अभ्यास : आपला नाशिक जिल्हा, तालुके आणि नद्या. घरी नळाला पाणी कुठल्या धरणातून येतं ते विचारून या. इंग्रजी : घरातल्या वस्तूंची नावं, स्पेलिंग पाठ करायची नाहीत, बोलायची."

माझी खरी अडचण त्या "दुसरी पद्धत दाखवू नका" वाक्यात आहे. सोमवारी अर्धा वर्ग घरून वेगळंच शिकून येतो. पप्पांनी सांगितलं खाली एक द्यायचा, क्लासच्या ताईंनी सांगितलं वरचा खोडायचा, आणि पोरगं बिचारं दोन्ही करतं, म्हणजे वरचा एक कमी पण करतं आणि खाली एक वाढवतं पण. उत्तर बरोब्बर दहाने किंवा शंभराने चुकतं. वही तपासताना मला दिसतंच की हे घरचं आहे. पालकांचा दोष नाही, त्यांना जसं शिकवलं तसं ते शिकवणार. पण मग त्यांना आधीच कसं सांगायचं की त्यांना राग पण नको यायला आणि कळलं पण पाहिजे?

---

सिडको_पाथर्डी_फाटा

बाई, मी पालक कॅटेगरीतला, मुलगी तिसरीलाच (तुमच्या शाळेत नाही बहुतेक). खरं सांगू का, तुमचा निरोप मला आला असता तर मी पण हातच जोडले असते. कारण "दशक सुटा करून" म्हणजे काय ते मला समजलं नाही आणि ग्रुपवर ऐंशी लोकांसमोर विचारणार कोण. आम्ही आपलं ३ मधून ८ जात नाही, हातचा घेतला, १३, खाली एक दिला, पुढे चला. हेच आमचं गणित.

---

म्हसरूळचा_भो

+१. मला तर आत्ता कळलं की पद्धती दोन आहेत भो.

---

तिसरीच्या_बाई

@सिडको, अहो हेच तर हवं होतं मला. बघा, ५२ वजा २७ घेऊ. ५२ म्हणजे दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्ट्या काड्या. आता ७ काड्या द्यायच्यात, सुट्ट्या आहेत दोनच. मग मूल काय करतं, एक गठ्ठा सोडतं, रबर काढतं. झाले ४ गठ्ठे आणि १२ सुट्ट्या. १२ मधून ७ दिल्या, उरल्या ५. ४ गठ्ठ्यांतून २ दिले, उरले २. उत्तर २५. म्हणून वहीत वरचा ५ खोडून ४ लिहितो, ते खोडणं म्हणजे तो सोडलेला गठ्ठा. यात खाली काहीच द्यायचं नाही कारण हातात प्रत्यक्ष कुठे काही दिलेलंच नसतं.

तुमच्या पद्धतीत १२ मधून ७ गेले ५, आणि हातचा खालच्या २ ला देऊन ३, ५ मधून ३ गेले २. उत्तर तेच २५. चूक काहीच नाही. फक्त "खाली एक का द्यायचा" याचं काड्यांनी उत्तर देता येत नाही, निदान आठ वर्षांच्या मुलाला देता येत नाही.

---

प्रेसवाले_आजोबा

बाई, मी नाशिकरोडला नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर नोटांच्या हिशोबात गेलं म्हटलं तरी चालेल. आम्हाला गुरुजींनी खाली एक द्यायला शिकवलं, का द्यायचा विचारलं असतं तर छडी मिळाली असती, पण आजतागायत वजाबाकी चुकली नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ होतं. माझा नातू चौथीत आहे, त्याला बाजारात पाव किलोचे पैसे किती विचारलं तर मोबाईल काढतो. आणि तुम्ही काड्या मोजत बसलाय. तिसरीच्या पोरांनी काड्या मोजायच्या म्हणजे जरा अतीच.

तुमच्या पद्धतीने एकदा ४०३ वजा १५८ करून दाखवा बरं. मधे शून्य आहे. आमचा नातू तिथेच अडकतो.

---

तिसरीच्या_बाई

आजोबा, बरोबर नस पकडलीत :-) मधलं शून्य हीच आमच्या पद्धतीची अवघड जागा. ४०३ मध्ये सुटे ३, द्यायचे ८. दशकाकडे गेलो तर तिथे शून्य, सोडायला गठ्ठाच नाही. मग शंभराची नोट मोडायची. ४ शतकांची ३ झाली, १० दशक आले. त्यातला एक दशक परत मोडला, ९ दशक उरले आणि सुटे झाले १३. आता १३ मधून ८ गेले ५, ९ मधून ५ गेले ४, ३ मधून १ गेला २. २४५.

दोनदा मोडावं लागतं हे मान्य. मुलं इथे वरच्या शून्याचा डायरेक्ट १० करतात आणि त्याचा ९ करायचा विसरतात, ही वर्गातली एक नंबरची चूक. म्हणून यासाठी मी काड्यांऐवजी नोटा घेते. शंभराची एक नोट देऊन दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक देऊन एक-एकची दहा नाणी घ्यायची. दुकानदार मुलांना हे सांगावंच लागत नाही. माझ्या वर्गात ज्यांच्या घरची भाजीची गाडी किंवा टपरी आहे ती पोरं यात सगळ्यात पुढे असतात, वहीत मात्र तीच मागे पडतात. त्यांची हातातली अक्कल वहीत उतरवणं हेच माझं काम आहे असं मला वाटतं.

---

अंबड_एमआयडीसी

आजोबांच्या पद्धतीचं "का" मी सांगू का? मला ते बारावीनंतर कधीतरी कळलं. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली तर फरक बदलत नाही. ५२ वजा २७ आणि ६२ वजा ३७, दोन्ही २५. आपण वरच्या संख्येत १० एकक म्हणून घातले (२ चे १२ झाले) आणि खालच्या संख्येत तेच दहा, एक दशक म्हणून, घातले (२ चे ३ झाले). म्हणजे "हातचा घेतला" हे खरं तर घेणं नाहीच, दोघांना सारखं वाढवणं आहे. वयातल्या फरकासारखं, दहा वर्षांनी पण बाप मुलापेक्षा तेवढाच मोठा.

आणि शून्याच्या बाबतीत आजोबा जिंकले. ४०३ वजा १५८ : १३ मधून ८ गेले ५, खाली ५ चे ६, १० मधून ६ गेले ४, खाली १ चे २, ४ मधून २ गेले २. शून्य आलं काय आणि नाही आलं काय, पद्धत तीच, खाडाखोड नाही.

---

प्रेसवाले_आजोबा

धन्यवाद अंबडकर. साठ वर्षं वापरलं, आज कारण समजलं. नातवाला सांगतो.

---

तिसरीच्या_बाई

आजोबा, नातू चौथीत आहे ना, मग खुशाल सांगा. तिसरीवाल्याला मात्र दिवाळीनंतर!

गंमत नाही, खरंच सांगते. एकदा गठ्ठा मोडणं पक्कं झालं की दुसरी पद्धत शिकायला काहीच हरकत नाही, उलट अंबडकरांनी सांगितलं तसं कारणासकट सांगितली तर मुलांना मजा येते. घोळ फक्त पहिली कच्ची असताना दुसरी आली की होतो.

---

सिन्नरफाटा_आई

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा सेमीला आहे, गणित इंग्रजीतून. शाळेत टेन्स आणि वन्स, घरी मी दशक एकक म्हणते आणि सासूबाई त्याला सत्तावीस, अडतीस, एकोणसाठ असं विचारतात तर तो बघतच बसतो. अभ्यास येत नाही म्हणून त्यांचं बोलणं खातो बिचारा. त्याला ट्वेंटी सेव्हन म्हटलं की लगेच लिहितो. हे कुणाच्या घरी नाही असं घर दाखवा मला.

---

गोदाकाठ

सगळ्यांच्या घरी आहे ताई. आणि नुसतं सेमीवाल्यांच्याच नाही. मराठीत सत्तावीस बोलताना सात आधी आणि वीस नंतर, लिहिताना दोन आधी आणि सात नंतर, म्हणून पहिली-दुसरीची पोरं सत्तावीसला ७२ लिहितात. २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" असं पण वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? टीव्हीवर चर्चा, विधानसभेत टोमणे, व्हॉट्सअपवर विनोदांचा पूर. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात म्हणून ही सोय, आणि जुनं वाचन काढलेलं नाही. ऐकलं कोणी? विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडलं असेल, देव जाणे. ई-बालभारतीवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, आपण पालक एक पान उघडून बघत नाही आणि मतं मात्र ठोकून देतो.

सासूबाईंना सांगा, दोन्ही येऊ दे, आधी लिहिता येऊ दे.

---

म्हसरूळचा_भो

मी पण तेव्हा विनोद फॉरवर्ड करणाऱ्यातलाच. पण तरी मला वाटतं सत्तावीस ते सत्तावीसच. चालू द्या.

---

द्राक्षबागवाला

दिंडोरी तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा, गुरुजी चांगले आहेत. व्हॉट्सअप ग्रुप आहे पण सांगतो काय अडचण असते. छाटणीचा टाइम असला की दिवसभर बागेत, फोन बांधावर. रात्री बघतो तर ग्रुपवर दीडशे मेसेज, त्यात गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक, कुणाचं तरी हरवलेलं पाकीट, आणि गुरुजींचा निरोप त्यात कुठेतरी गाडलेला. शेवटी गुरुजींनी ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त तेच लिहू शकतात असा. तेव्हापासून वाचतो.

दुसरं, आमच्याकडे बागेत कामाला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं येतात, त्यांची पोरं पण याच शाळेत बसतात. त्यातल्या बऱ्याच आईबापांना वाचता येत नाही. लिहिलेला निरोप त्यांच्यासाठी असून नसून सारखा. बोलून पाठवा बाई, आवाजात. एक मिनिटाचं.

---

तिसरीच्या_बाई

@द्राक्षबागवाला, हे लिहून ठेवलं. माझ्या वर्गातही सातपूर-अंबडला कामाला आलेल्या हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत, त्यांच्या आयांना मराठी समजतं पण वाचता येत नाही. आवाजात पाठवायचं आधीच सुचायला हवं होतं असं म्हणणार नाही, पण सुचवलंत ते बरं झालं. या शनिवारपासून दोन्ही.

---

कॉलेजरोड_मम्मा

फोटोंबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या ग्रुपवर रोज चाळीस फोटो. मुलं वहीत लिहिताना, मुलं डबा खाताना, मुलं रांगेत, मुलं परत रांगेत. त्यातून मुलगी काय शिकली ते मला शून्य कळतं. आणि सगळ्यांच्या मुलांचे चेहरे सगळ्यांच्या फोनमध्ये, हे पण मला पटत नाही. त्यापेक्षा फळ्याचा एक फोटो टाका की. फळा बघितला की कळतं कुठपर्यंत आलंय.

---

सिडको_पाथर्डी_फाटा

फळ्याचा फोटो ही आयडिया एकदम बेस्ट. ५२ वजा २७ चा फळ्याचा फोटो आला असता तर वरचा सगळा खुलासा लागलाच नसता.

---

गोदाकाठ

आता परिसर अभ्यासाबद्दल. माझा आवडता विषय म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं हे कित्येक पालकांना माहीतच नाही. आपल्या पोरांना नाशिक जिल्हा, नगरच्या पोरांना नगर. म्हणजे हा एक विषय असा की ज्यात पालकाला शिक्षकाइतकंच माहीत असू शकतं. आणि आपण काय करतो, तर पंधरा तालुके पाठ करून घेतो. नाशिक, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण, बागलाण, देवळा, मालेगाव, चांदवड, नांदगाव, येवला, निफाड, सिन्नर. झालं. पोरगं घडाघडा म्हणतं आणि मग विचारतं सटाणा कुठे राहिला (सटाणा म्हणजे बागलाण तालुक्याचंच मुख्य गाव).

बाईंचा पाण्याचा प्रश्न भारी आहे. आमच्या घरी यावरून रविवार गेला. आम्ही गंगापूर रोडला, तर पाणी गंगापूर धरणाचं, गोदावरीचं. मुलाचा मामा नाशिकरोडला, त्यांच्याकडे दारणेचं पाणी चेहेडीहून उचललेलं येत आलंय. आणि आत्या पाथर्डी फाट्याकडे, तिकडे मुकणे धरणाचं पाणी विल्होळीला शुद्ध होऊन येतं. एकाच शहरात तीन धरणं. मुलाने स्वतःच फोन करून विचारलं सगळ्यांना, आत्याला माहीत नव्हतं, तिने सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, त्याला माहीत होतं!

मग मी त्याला घेऊन नकाशावर बसलो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर. पण ही बाई जाते उलटी, पूर्वेला, १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का? कारण सह्याद्रीची धार ही पाणी वाटणारी रेघ आहे, पूर्वेकडे पठार हळूहळू उतरत जातं आणि पश्चिमेला एकदम कोकणात कडा. तिथेच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा निघते ती पश्चिमेला जाते आणि तिचं पाणी धरणांतून मुंबईच्या नळांना. म्हणजे एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, इकडे पडला तर नांदूर मध्यमेश्वर, पैठण करत आंध्रात, तिकडे पडला तर मुंबईत दादरला कुणाच्या तरी बादलीत. मुलाला हे इतकं आवडलं की आता पाऊस पडला की विचारतो हा कुठला.

हे पुस्तकात एका ओळीत आहे किंवा नाही त्याने काय फरक पडतो, प्रश्न पुस्तकातून आला आणि घर कामाला लागलं. बाई, तुमच्या निरोपातलं हे एक वाक्य बाकी सगळ्यावर भारी आहे. "घरी काय करून घ्या" ऐवजी "घरी काय विचारून या".

---

इंदिरानगर_दोन_मुलं

गोदाकाठ भाऊ मस्त लिहिलंत. आमचा मोठा चौथीत, त्यांना इतिहास म्हणजे सगळा शिवछत्रपती. साल्हेरची लढाई १६७२ ची, मोकळ्या मैदानात मुघलांना हरवलं, आणि साल्हेर आपल्याच जिल्ह्यात बागलाणात आहे हे ऐकून तो उडालाच. त्याला वाटायचं किल्ले म्हणजे पुण्याकडे. आम्ही साल्हेरला नाही गेलो, १५६७ मीटर उंच, धाकटीला झेपणार नाही, पण रामशेजला गेलो, पेठ रोडला जवळच. तो आहे संभाजी महाराजांच्या काळातला गाजलेला, १६८२ ला मुघलांनी वेढा घातला आणि कित्येक वर्षं किल्ला मिळाला नाही. चौथीच्या अभ्यासात हा भाग नाही पण पोराने वर्गात जाऊन सांगितलं आणि मॅडमनी त्याला पाच मिनिटं बोलू दिलं. त्या पाच मिनिटांवर स्वारी महिनाभर खूश.

---

कॉलेजरोड_मम्मा

हे सगळं छान आहे पण ज्यांचे दोघंही नोकरीला आणि रविवारी पण घरची कामं, त्यांनी किल्ले आणि नकाशे कधी करायचे? मी संध्याकाळी साडेसातला घरी येते. मला खरंच फक्त एवढंच हवंय की आज पाच मिनिटांत काय विचारू.

---

तिसरीच्या_बाई

@कॉलेजरोड ताई, तुमचं बरोबर आहे, आणि पाच मिनिटं पुरतात. भाजी निवडताना विचारा, "आज गठ्ठा सोडायची वजाबाकी केली का, मला शिकव ना, मला नाही येत." मूल शिकवतं तेव्हा कुठे अडलंय ते लगेच कळतं. वही उघडायची पण गरज नाही.

---

द्वारका_सर्कल

माझा मुद्दा वाचनाचा. शाळेतून सांगितलं निपुणमध्ये तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द वाचले पाहिजेत. आता आमची ही स्टॉपवॉच लावून बसते. पोरगं सुसाट वाचतं, श्वास पण घेत नाही, आणि शेवटी विचारलं गोष्टीत काय झालं तर म्हणतं "पूर्ण झाली". बाई हे काय प्रकरण आहे?

---

तिसरीच्या_बाई

हाहा. अहो, निपुण भारत २०२१ ला सुरू झालं, त्याचा हेतू असा की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द हे लक्ष्य आहे खरं, पण पूर्ण वाक्य असं आहे की अर्थ समजून ६० शब्द. तो "अर्थ समजून" वाला भाग घरी पोचेपर्यंत गळून पडतो.

वेगाला अर्थ आहे हे मात्र खरं. मूल एकेक अक्षर जोडत वाचत असेल, "पा... णी... पाणी... आ... णा... य... ला", तर वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते, मग अर्थ लागणार कसा. म्हणून थोडा वेग लागतोच. पण तेवढा वेग आला की घड्याळ बाजूला ठेवा. वहिनींना सांगा स्टॉपवॉचऐवजी धड्यावर एक प्रश्न काढायला सांगा. मी वर्गात तेच करतेय सध्या. सुरुवातीला सगळे "कोण", "कुठे" असे प्रश्न काढतात ज्यांची उत्तरं धड्यात दिसतात. मग हळूच एखादी विचारते "त्याने खरं का नाही सांगितलं?" तिथे समजायचं की वाचन सुरू झालं. ती मुलगी मिनिटाला चाळीसच शब्द वाचत असली तरी मला तिची काळजी नसते.

---

द्वारका_सर्कल

बायकोला हे वाचून दाखवलं. स्टॉपवॉच बंद, आता ती मला प्रश्न काढायला सांगतेय.

---

प्रेसवाले_आजोबा

बाई, अजून एक. पाढे पाठ करून घेता की नाही? का तेही काड्यांनी?

---

तिसरीच्या_बाई

घेते आजोबा, परिपाठानंतर रोज. पण आधी तयार करायला लावते. ७ चा पाढा ५ च्या आणि २ च्या पाढ्याची बेरीज करून निघतो, ५ चोक २०, २ चोक ८, म्हणून ७ चोक २८. तयार करता आला की पाठ लवकर होतो, आणि मधेच विसरला तर मूल पहिल्यापासून म्हणत बसत नाही. पावकी-निमकी पुस्तकात नाही आता, पण पाव, अर्धा, पाऊण आहे. तुम्ही एकदा नातवाला घेऊन भाजीबाजारात जा आणि हिशोब त्याच्याकडे द्या, मोबाईल तुमच्या खिशात.

---

अंबड_एमआयडीसी

एक सूचना. हे असं पद्धतीचं वगैरे व्हॉट्सअपवर लिहून पुरत नाही. पालकसभेत अर्धा तास पालकांनाच बाकावर बसवून काड्या द्या आणि ४०३ वजा १५८ करायला लावा. सभेत आत्तापर्यंत मी फक्त हजेरी, युनिफॉर्म आणि "मोबाईल देऊ नका" एवढंच ऐकलंय. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पण मांडा, कायद्याने त्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, पण बैठकीत विषय निघतो तो कंपाउंड आणि पाण्याच्या टाकीचा. तेही लागतंच म्हणा.

---

सिन्नरफाटा_आई

पालकांना बाकावर बसवायची आयडिया आवडली पण आमच्या ह्यांना ते बाक पुरणार नाहीत.

---

तिसरीच्या_बाई

अंबडकर, हे करतेच. पुढच्या सभेला नोटांचे संच तयार ठेवते, दोन-दोन पालकांना एक.

आणि सगळ्यांचं ऐकून शनिवारचा निरोप असा करतेय, बघा जमतंय का. फळ्याचा एक फोटो, मुलांचा नाही. माझ्या आवाजात एक मिनिट, मराठीत आणि थोडं हिंदीत. त्यात नवीन पद्धत असेल तर एकच उदाहरण पूर्ण करून. घरी विचारायचा एकच प्रश्न. चाचणीची तारीख शेवटी, कारण ती आधी सांगितली की पुढचं कोणी ऐकत नाही. ग्रुपवर फक्त मी लिहिणार, ज्यांना विचारायचंय त्यांनी मला वेगळा मेसेज करायचा, संध्याकाळी सात ते आठ.

पुढच्या आठवड्यात मापन आहे, लिटर-मिलिलिटर. घरातल्या वेगवेगळ्या आकाराच्या रिकाम्या बाटल्या लागतील. आधी नुसतं बघून अंदाज करायचा कशात जास्त पाणी मावेल, मग मोजून बघायचं.

---

म्हसरूळचा_भो

बाटल्या कुठल्या पण चालतील का? म्हणजे घरात ज्या पडल्यात त्या पाठवल्या तर तुम्ही मलाच सभेला बोलवाल म्हणून विचारतोय.

---

तिसरीच्या_बाई

सरबताच्या आणि तेलाच्या पाठवा दादा. धुऊन, लेबल काढून, आणि काचेच्या नकोत.